अंगठ्यानं ऑर्डर मोडली

"अंगठा हलवा. सुभेदार, डाव्या पायाचा अंगठा! वर घ्या!"

डॉक्टर ओरडत होते. मी ऑपरेशनच्या टेबलावर पालथा, टक्क जागा, आणि अंगठ्याला ऑर्डरवर ऑर्डर देत होतो. उभ्या नोकरीत माझी ऑर्डर मोडणारा जवान जन्मला नव्हता. अंगठा काही ऐकेना.

गोष्ट कोल्हापुरातली, दोन हजार सालानंतरची. मी नुकताच पेन्शनीत आलो होतो. मॉर्टर तोफेची लोखंडी बेसप्लेट पाठीवर घेऊन मी इतके डोंगर चढलोय की हिमालय दोन बोटं खाली बसला असेल. तसाच माझा मणकाही बसला. दोन मणक्यांमधली गादी सरकली आणि डाव्या पायाच्या नसेवर चढली. कमरेपासून घोट्यापर्यंत इचलकरंजीचे सगळे माग तिन्ही पाळ्यांत धडधडायचे. गोळ्या झाल्या, पट्टा झाला, फळीवर झोपून झालं. तालमीतले वस्ताद कमरेवर उभे राहिले. दुसऱ्या दिवशी मला खाटेवरून उठवायला चौघं लागले.

डॉक्टरांनी ब्रीफिंग दिलं. "पाठ मोठी उघडायची नाही. पेन्सिलीएवढी नळी आत घालू, तिच्यातून दुर्बीण, आणि सरकलेला तुकडा चिमट्यानं काढू. तेवढीच जागा बधिर करणार. तुम्ही जागे पाहिजेत. पायात कळ उतरली तर नळी नसेला लागतेय, हे मला तुमच्याच तोंडून कळणार. लपवलंत तर पाऊल कायमचं लुळं पडू शकतं."

"ठीक है, सर."

दाराशी सौ. उभी होती. "डॉक्टर, ह्यांच्या ठीकवर जाऊ नका. एकशे चार ताप असला तरी ठीकच म्हणत्यात."

"एकशे तीन होता," मी म्हणालो.

गावात मी सांगत असतो, चौकीवर आलेल्या अस्वलाला मी सावधान करून माघारी धाडलं. त्या दिवशी टेबलावर चढताना ते अस्वल समोर आलं असतं तर मी त्याला मिठी मारली असती. चालता येईल ना, एवढंच डोक्यात फिरत होतं.

नळी आत शिरली. मशीनच्या पडद्यावर माझे मणके दिसत होते.

"पायात काही?"

"ठीक, सर."

थोड्या वेळानं कळ आली. मांडीतून तापलेली सळई घातल्यासारखी ती थेट पावलात उतरली. मी उशीचा कोपरा दातात धरला.

"काही वाटतंय?"

"सब ठीक."

ते खोटं मी ठरवून बोललो नाही. फौजेत वरून विचारणा झाली की जीभ आपोआप तेवढंच बोलते. मग पाय थंड पडत गेला. तेव्हा अंगठा हलवायचा हुकूम आला आणि अंगठा हलला नाही. डॉक्टरांनी हात थांबवला आणि नळी मागं ओढली.

तेवढ्यात मला ज्ञानू ऐकू आला.

लान्स नायक ज्ञानू, शाहूवाडीचा. बर्फातल्या पुढच्या चौकीवर, चार्ली टूवर, होता. खाली रेडिओवर मी.

"चार्ली टू, रिपोर्ट. ओव्हर."

"सब ठीक. ओव्हर."

"खोकला कसला रं? ओव्हर."

"थंडीचा, दादा. सब ठीक. ओव्हर."

त्याच्या छातीत पाणी झालं होतं. पुढच्या कॉलला उत्तर आलं नाही.

"सर," मी म्हणालो. "कळ येत होती. मघापासनं. पार पावलापर्यंत. आता तर पाऊलच कळत नाही."

"आधी का नाही बोललात?"



डॉक्टर थांबले. किती वेळ ते मला विचारू नका. मला तो अख्ख्या नोकरीएवढा वाटला. मग पायात मुंग्या आल्या. अंगठा जरासा वर झाला, नव्या रंगरूटासारखा, बिचकत. डॉक्टरांनी नळीची दिशा बदलली. त्यानंतर मी एवढा बोललो की शेवटी सिस्टर म्हणाल्या, "पावणं, डास चावला तर तेवढा सांगू नका."

तुकडा निघाला. मी गावात सांगतो नारळाएवढा होता. होता हरभऱ्याच्या डाळीएवढा.

पायात ताकद आल्यावर मी शाहूवाडीला गेलो. ज्ञानूचं घर चढावर, भाताच्या खाचरांच्या वर. बांधाबांधानं चालत गेलो, काठी न घेता. त्याची आई जोत्यावर तांदूळ निवडत होती. भिंतीवर ज्ञानूचा युनिफॉर्ममधला फोटो. मी तिला टेबलावरचं सगळं सांगितलं, अंगठ्याचंही. ज्ञानूच्या खोकल्याचं तिला आधीपासून ठाऊक होतं. ती ऐकत राहिली, खडे बाजूला करत राहिली.

मग चहा ठेवायला उठली. एक हात भिंतीला, एक कमरेला, आणि डावा पाय ओढत. तो पाय मी ओळखला.

"मावशी, कंबर दुखतीया काय?"

"न्हाय," ती म्हणाली. "ठीक हाय."