शेजारच्या खोलीतले डॉक्टर

परभणीत आमच्या डॉक्टरांच्या संघटनेची सभा असली की सेलूचे एक वयस्कर डॉक्टर पहिल्या रांगेत बसतात. बोलायला उठताना खिशातलं औषध कंपनीचं पेन काढून खुर्चीवर ठेवतात. वक्त्यानं कंपन्यांशी असलेले संबंध आधी पडद्यावर दाखवायचे, असा आमचा नियम आहे. ती स्लाइड आम्ही सगळे डोळ्याचं पातं लवायच्या आत पुढं सरकवतो.

परवा मधुमेहाच्या नव्या गोळीवर बोलताना त्यांनी ती स्लाइड तशीच पडद्यावर ठेवली. म्हणाले, "ह्या कंपनीनं मला अन् बायकोला केरळ दाखवलंय. तवापासून मी ही गोळी लय लिहायलोय. आता माझं ऐका, पण जरा जपून."

सगळे हसले. मला हसू येईना. केरळात त्यांच्या शेजारच्या खोलीत मी होतो, आणि त्यांच्यानंतर बोलायची पाळी माझी होती.