हवेला लावलेला साबण

आमच्या घरातली हवा मी एकदा साबण लावून धुतली आहे.

सोलापुरातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात तीस वर्षं मी माल तपासायला होतो. नवा टॉवेल पाणी टिपत नाही, पहिल्या धुण्यानंतर खुलतो, हे मी भेटेल त्याला सांगत आलो. (ऐकणारा निघून गेला तरी माझं वाक्य पूर्ण होतं.) सगळ्यात जास्त ऐकलं ते बायकोनं, सुमननं.

सुमनला धुळीचा त्रास. आडवी झाली की खोकला सुरू! म्हणून पुण्याच्या लेकीनं, मंजूनं, हवा स्वच्छ करणारं मशीन पाठवलं. कोपऱ्यात निळा दिवा, बारीक घुं-घुं, आणि सुमनला दुपारी चक्क झोप लागायला लागली. पडदा हळूच फुगायचा, भिंतीवरचं ऊन सरकत जायचं, आणि तिचा संथ श्वास ऐकता ऐकता मला तळ्याकाठी बसल्यासारखं वाटायचं. फार सुखाचे दिवस होते ते.

काही महिन्यांनी दिवा लाल झाला. मशीन उघडलं. बाहेर प्लॅस्टिकची जाळी, धुळीनं काळी. आत पांढऱ्या घड्याघड्यांचा फिल्टर, आता राखाडी पडलेला.

"मंजूला इचारा की आधी," सुमन म्हणाली.

"तीस वर्षं काय केलं मी? कापड मला कळतं!"

जाळी टाकाऊ समजून भंगारवाल्याला दिली. फिल्टर साबणाच्या पाण्यात भिजवला, ब्रशनं घासला, पिळला, गच्चीवर टाकला. सोलापूरचं ऊन, तासाभरात वाळला! घड्या मोडल्या होत्या, त्या इस्त्रीनं नव्या पाडल्या. (कारखान्यात असतो तर बढतीच मिळाली असती.)

मशीन सुरू केलं. आधी साबणाचा वास आला, मग पांढरा भुसा. खोलीभर तो इतका अलगद तरंगत होता, की मी बघतच राहिलो. सुमन मात्र शिंकत सुटली.

"अवो, बंद करा की ते!"

"पहिल्या धुण्यात थोडं सुटतंच!"

शेवटी मंजूला फोन लावला.

"अप्पा, आतला फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचा असतो! धुवायची ती बाहेरची जाळी. कुठाय ती?"

"भंगारात."

मंजूनं तिथूनच नवा फिल्टर आणि नवी जाळी मागवली.

नवं सामान यायला चार दिवस लागणार होते. सुमनचा खोकला परतला, आणि मला खरंच लाज वाटली. तिची झोप मीच घालवली होती. खिडक्यांना ओले टॉवेल टांगले आणि तिच्या उशाशी बसून राहिलो. टॉवेलबद्दल एक अक्षर न काढता. दुसऱ्या दुपारी टॉवेलांमधून गार वारा आला, खोकला हळूहळू विरला आणि सुमन झोपली.

ती उठल्यावर मात्र मला राहवलं नाही. "बघितलंस? टॉवेलनं धूळ कशी अडवली!"

"व्हय, अडवली असंल," ती जांभई देत म्हणाली, "पण तुमी गप हुता न्हवं, म्हणून झोप लई छान लागली."

आता नवा फिल्टर आलाय, नवी जाळीही. जेवण झालं की सुमन आधी मशीन चालू करते आणि मग मला बंद!