शंकरच्या गोष्टीला हुंकार

दसरा नुकताच झाला होता. शाळेत निघालो तर दारात शंकरचा थोरला, बापू, उभा. “काका, आबा गेलं,” एवढंच म्हणाला. आदल्या रविवारीच शंकर मला म्हणाला होता, “कादंबरीचा शेवट घावला रं गड्या. आज दमलोय, फुडच्या रविवारी सांगतो. मग लिवतो.” मी मान डोलावली आणि सांगलीची एसटी धरली...

कुंडलचा शंकर माधवनगरच्या मिलमध्ये मागावर होता आणि गोष्टी लिहायचा. दिवाळी अंकांतून नावही झालं होतं. त्याची तऱ्हा निराळी. गोष्ट आधी तोंडी सांगायची, वहिनींनी चुलीपुढच्या पाटावरून ‘हं’ म्हणायचं आणि मगच ती कागदावर उतरायची. आमच्याकडं गोष्ट सांगणाऱ्याला कुणीतरी हुंकार द्यावा लागतो, नाहीतर तो थांबतो. मोठ्या दुष्काळाच्या साली वहिनी गेल्या, तेव्हा कादंबरी अर्ध्यावर होती. शंकर थांबला तो थांबलाच.

मी पडलो मराठीचा मास्तर! प्रकरणांचे आराखडे काढून दिले, रोज पानभर तरी लिही म्हणून पिच्छा पुरवला. तो पेन उघडायचा, कोऱ्या कागदाकडं बघत बसायचा, पुन्हा टोपण लावायचा. अशी वर्षं गेली. शेवटी एकदा वैतागला. “तुझं शिकवणं ऱ्हाऊ दे. नुस्तं हं म्हणशील का?”

“एवढंच?”

“एवढंच जमंना न्हवं तुला. मधी लय बोलतोस.”

मग दर रविवारी मी त्याच्या खोलीवर जाऊ लागलो. तो खाटेवर, मी वहिनींच्या पाटावर. जीभ आवरणं सोपं नव्हतं, पण आवरली. काही रविवार नुसतेच गेले. मग एकदा टेबलावर लिहिलेली पानं दिसली, शाई अजून ओली. मला इतका आनंद झाला, की तोंडातून ‘हं’सुद्धा निघेना. त्याला हवं होतं ते एवढंसं, आणि ते कळायला मला इतका उशीर झाला, याचं फार वाईट वाटतं.

परवा बापूनं खोली रिकामी करायला घेतली, म्हणून गेलो होतो. शेवटचं प्रकरण सोडलं तर कादंबरी पुरी आहे. “काका, शेवट तुमाला ठावं असंल की.” मी नाही म्हणालो. बापू भांडी बांधू लागला. मी सवयीनं पाटावर टेकलो. समोर खाट. रविवारच होता.

बऱ्याच वेळानं बापूनं वळून पाहिलं. “काय म्हनालासा, काका?”

मी ‘हं’ म्हणालो होतो.