दुसऱ्या कॅसेटीतला ढोल

पोंभुर्ण्याकडच्या इस्तारीला ढोल वाजवताना ज्यानं पाहिलं, त्याला त्याच्या मानेचं नवल वाटलंच. हात ढोलावर आणि मान सदा वाकडी, बायकोकडे. इतकी वर्षं झाली तरी याचं बघून पोट भरत नाही, अशी लोक चेष्टा करत. इस्तारी लाजून हसायचा आणि तस्साच वाजवत राहायचा.

एरवी दोघं तळ्यात मासोळी धरायची, लग्नसराईत सुरेंद्रच्या गाण्याच्या पार्टीत असायची. सुरेंद्र कीबोर्डवाला. त्यानं दंडारीच्या नाचाच्या जुन्या चालीत डिस्को कालवला होता. म्हातारे नाकं मुरडत, आणि वरातीत तेच आधी नाचत! इस्तारीची बायको प्रेमिला गायची, ढोल इस्तारीचा. पहिली कॅसेट गावच्या मांडवातच भरली. ती घुग्घुसच्या ट्रकांपासून वरोऱ्याच्या बाजारापर्यंत अशी वाजली, की सुरेंद्रच्या डोक्यात हवाच गेली म्हणा ना.

दुसरी कॅसेट नागपूरच्या स्टुडिओत भरायची ठरली. तिथं ठेका मशीन देईल, असं त्यानं सांगून टाकलं. इस्तारीभाऊनं फोटोपुरतं यावं, कव्हरावर छापू. घ्या! ढोल आत नाही आणि ढोलवाला बाहेर चिकटवलेला. इस्तारीच्या जिवाला ते फार लागलं. तरी जायच्या दिवशी ढोल खांद्याला लावूनच निघाला.

भाताची रोवणी आटोपून गेले, तर नागपुरात पावसाची झड लागलेली. काचेच्या खोलीत प्रेमिला गायला लागली आणि पहिल्याच अंतऱ्यात तिची ओळ तुटली. पुन्हा गायली, पुन्हा तुटली. लांब ओळीनंतर तिला दम घ्यावा लागे, आणि मशीन कशाला कोणासाठी थांबते? स्टुडिओवाल्यानं सुरेंद्रला सांगितलं, या बाईला जमायचं नाही, इथली एक मुलगी बोलावतो. प्रेमिलानं ते ऐकलं. कानावरचा हेडफोन काढून तिनं पदर डोक्यावर घेतला.

स्वतःचा ढोल गेला ते इस्तारीनं गिळलं होतं. तिचा आवाज गेलेला त्याला सोसवेना. त्यानं ढोल उचलून थाप मारली, तर ओल्या हवेनं कातडं भद्द बोललं. मग त्यानं गावात सगळे करतात तेच केलं. गावात भाताचं तणस पेटवून ढोल शेकतात, की कातडं ताठ होतं. इथं तणस कुठलं? दारात पुठ्ठ्यांच्या खोक्यांचा ढीग होता, तो तिथंच जिन्याखाली पेटवला आणि निवांत ढोल शेकत बसला. अरे देवा! धूर स्टुडिओभर झाला. स्टुडिओवाला बादली घेऊन धावला, नको नको ते बोलला, सामान उचला म्हणाला.

सुरेंद्रही आधी लाल झाला. पण इस्तारी शिव्या खात होता आणि ढोल काही विस्तवावरून काढत नव्हता. ते पाहून सुरेंद्रला आपलीच लाज वाटली. स्टुडिओवाल्याचे पाय धरायचे तेवढे त्यानं बाकी ठेवले. एक गाणं ढोलावर होऊ द्या, म्हणाला.

दोघांना समोरासमोर बसवलं. ढोल खणखणीत बोलला. लांब ओळीच्या शेवटी प्रेमिलाचा गळा जरा उचलला गेला. वाकड्या मानेनं इस्तारीनं तो पाहिला, हात रोखला, तिचा दम आत जाऊ दिला आणि मग थाप टाकली. ओळ तुटली नाही. पुढची सगळी कॅसेट मग ढोलावरच झाली.

त्या हिवाळ्यात पोंभुर्ण्याच्या बाजारात दोघं मासोळी घेऊन बसली होती. समोरच्या दुकानात तेच गाणं लागलेलं. मासोळी घ्यायला आलेल्या खाणीतल्या एका गड्यानं मान डोलावली आणि लांब ओळीनंतर ढोल क्षणभर थांबला तसा म्हणाला, "गाणं झकास हाये, पन इथी ढोलवाला चुकला बा."

इस्तारीचा सुरीवरचा हात थांबला. 

प्रेमिलानं मासोळी त्या गड्याच्या पिशवीत टाकली. "चुकले नाई थे. मले दम घ्याचा होता, म्हणून थांबले."

इतक्या वर्षांत ती हे कधी बोलली नव्हती. तिच्या दमासाठी आपण हात रोखतो हे तिला ठाऊकच नसेल, असं इस्तारी समजून होता. त्यानं मान खाली घातली आणि खवले काढून झालेली मासोळीच पुन्हा खरवडायला घेतली.