चाळीस वाव खाली

दादानं समुद्र पाहिला नव्हता याचं दादाला काहीच वाटत नव्हतं. वाटत होतं ते मला. पन्नाशीला आलेला माणूस, पण कऱ्हाड-मिरजेच्या पलीकडे कामाशिवाय पाऊल टाकलेलं नाही, आणि त्याचा धाकटा भाऊ म्हणजे मी देशभर हिंडून आलेला. मी फौजेत बावीस वर्षं काढली. गावाला वाटायचं, मी सरहद्दीवर बंदूक रोखून उभा असतो. खरं तर मी कारकून होतो आणि रजिस्टर घेऊन बसायचो. सुट्टीवर आलो की हे मी कुणाला सांगत नसे, दादाला तर मुळीच नाही. दादाच्या लेखी मला जगातलं सगळं ठाऊक होतं. कुठला मोबाईल घ्यावा, पाठदुखीला कुठल्या डॉक्टरकडे जावं, सगळं तो मला विचारायचा आणि मी बेलाशक ठोकून द्यायचो.

निवृत्त होऊन गावी आल्यावर मला मासेमारीचं खूळ लागलं. आमच्या त्या कोरड्या रानात मासेमारीचं खूळ म्हणजे टकल्याला कंगव्याची हौस. पण मोबाईलवर खोल समुद्रातल्या मासेमारीचे व्हिडिओ बघत मी दुपारच्या दुपारी घालवायचो. विट्याचा माझा एक शाळासोबती दक्षिणेत सोनं गाळायचं दुकान चालवतो. तो शिवरात्रीला गावी आला होता. तिकडे समुद्रावर दोनदा जाऊन आल्यामुळे तोही स्वतःला जाणकार समजत होता. त्यानं ओळखीतून कोकणातली एक बोट रात्रभरासाठी ठरवली. दुपारी निघायचं, खोल पाण्यात जाऊन रात्रभर तळाचा मासा काढायचा आणि सकाळी परत. मी दादाला म्हटलं, तू पण चल.

दादा नको म्हणाला. गावची जत्रा पंधरा दिवसांवर होती, आणि जत्रेत बैलगाड्यांची शर्यत. दादाची खिलार जोडी त्या वर्षी पंचक्रोशीत नाव काढणार असं सगळे बोलत होते. त्यातला डावा बैल मारका होता, दादाशिवाय दुसऱ्या कुणाचा हात अंगाला लावून घेत नसे. कासरा दादाच्या हातात असला की मात्र गरीब. दादाचा सगळा मान, सगळी मिजास त्या दोन हातांत होती. मला हे ठाऊक होतं. तरी मी हट्टच धरला. चार दिवस भुणभुण केल्यावर दादा हसून म्हणाला, "चल बाबा, तुजं ऱ्हाऊ दे मन." मला त्यानं जन्मात कधी नाही म्हटलेलं नाही.

निघताना वहिनी गाडीपाशी आली. म्हणाली, "आवं भावजी, आज अवस हाय. घाट उतरू नगा. आन त्येन्ला पाण्यातलं काय बी ठावं न्हाई. पंधरा दिसांवर जत्रा हाय, धडधाकट माघारी आणा म्हंजे झालं."

"वहिनी, समुद्राला कुठं पंचांग कळतंय!" मी म्हणालो आणि गाडीला किल्ली मारली. समुद्राइतकं पंचांग कुणालाच कळत नाही, हे मला दुपारी बंदरावर कळलं.

तिथला तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, साठीचा, कमी बोलणारा माणूस होता. आमच्याशी तो सावकाश, शुद्ध बोलायचा. म्हणाला, "आज अवस. उधाणाचं पाणी आहे. खाली ओढ फार असते. दोन दिवस थांबलात तर बरं." माझ्या मित्राची सुट्टी संपत होती. तो म्हणाला, "आमी काय पवायला न्हाई आलो. बसूनच मासं धरायचं हायत." तांडेलानं आमच्याकडे एकेक करून पाहिलं, आमच्या पायातल्या बुटांकडेही पाहिलं. मग खलाशाला त्यानं जास्तीचं डिझेल घ्यायला सांगितलं आणि खिशातून पेन्सिल काढून म्हणाला, "प्रत्येकाच्या घरचा नंबर सांगा. तुमचा नको, घरचा." आम्ही सांगितले ते नंबर त्यानं केबिनच्या फळीवर लिहून ठेवले. त्या फळीवर आधीचेही पुष्कळ नंबर होते, काही अर्धवट पुसलेले. 

किनारा दिसेनासा झाला तेव्हा सूर्य अजून वर होता. दादा दोन्ही हातांनी कठडा धरून बसला होता. बराच वेळ चौफेर बघून म्हणाला, "ह्येला बांध कुठं हाय रं?" आम्ही दोघं हसलो. तो हसला नाही. थोड्या वेळानं मोबाईलची रेंज गेली तशी त्यानं विचारलं, "हितं काय झालं तर हाक कुणाला मारायची?"

"काय व्हतंय?" मी म्हणालो. आणि कुठं रेंज येते का म्हणून माझा मोबाईल उंच धरून पाहिला.

पाच तासांनी इंजिन बंद झालं. खलाशानं नांगर टाकला. त्याचा दोर जाता जाता संपेना. त्या अंधाराची मला कल्पना नव्हती. रानातला अंधार मला माहीत आहे, तिथं निदान पायाखाली काय आहे ते कळतं. इथं बोटीवरच्या एका दिव्याचा उजेड चार हातांवर जाऊन संपत होता, आणि फळीखाली पाणी सारखं चाचपडल्यासारखा आवाज करत होतं. तांडेल म्हणाला, खाली चाळीस वाव पाणी आहे आणि तळाला खडक. दादानं मनाशी हिशेब केला. एक वाव म्हणजे पसरलेले दोन हात. "आपल्या हिरीसारख्या चार-पाच हिरी एकावर एक," तो पुटपुटला, आणि कठड्यापासून जरा मागे सरकला.

तांडेलानं प्रत्येकाला तंगुसाचं एकेक रीळ दिलं. तंगूस म्हणजे नायलॉनची चिवट, पारदर्शक दोरी. तिच्या टोकाला शिशाचा गोळा, वर तीन गळ, गळांना आमिष म्हणून माकुळ नावाच्या मऊ माशाचे तुकडे. तो म्हणाला, "बोटांवरून नुसता सरकू द्या. मासा लागला तर कळेल. कुठं अडकला तर सरळ सोडून द्या. रीळ गेलं तरी चालेल." एवढं सांगून तो नांगराच्या दोराकडे लक्ष ठेवायला पुढं जाऊन बसला.

पहिल्या तासात मित्राला एक तांबोशी लागली. लालभडक, हातभर लांब. आम्ही आरडाओरडा केला, फोटो काढले. मग काहीच नाही. दादाच्या हातातून ओला तंगूस सारखा निसटत होता. शेतातल्या नांगराच्या कामानं घट्टे पडलेल्या त्याच्या बोटांना ती बारीक दोरी कळतच नव्हती. मला राहवलं नाही. मी त्याचा उजवा हात धरला आणि म्हणालो, "असं धरत्यात व्हय? दोन वेढं दे तळव्याला."

दादा थांबला. म्हणाला, "गड्या, कासरा कवा हाताला गुंडाळत न्हाईत. जनावर उधळलं तर मानूस फरफटत जातंय."

"दादा, ह्यो बैल न्हवं, मासा हाय. मी बघितलंय की मोबाईलवर."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग तंगुसाकडे, आणि दोन वेढे दिले. व्हिडिओतल्या माणसाच्या हातात जाड हातमोजे होते. हे मी तेव्हाही पाहिलं होतं. लक्षात ठेवण्यासारखं मात्र वाटलं नव्हतं.

पाण्याची ओढ पालटून बोट नांगराभोवती हळूहळू फिरायला लागली तेव्हा आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही. अंधारात फिरणं कळायला काहीतरी स्थिर दिसावं लागतं. फक्त नांगराचा दोर करकरायला लागला आणि पुढून तांडेल खलाशाला काहीतरी म्हणाला. त्याच वेळी दादाच्या तंगुसाला हिसका बसला. तो उठून उभाच राहिला. मी मोबाईल काढला, त्याचा दिवा लावला आणि चित्रण सुरू केलं. दादाचे गुडघे कठड्याला टेकले होते, हात पाण्याच्या बाजूला ताणलेला होता आणि तंगूस इतका ताठ की त्यातून बारीक गुणगुण ऐकू येत होती.

"सोडू नको दादा!" मी ओरडलो. "लय मोठा हाय! सोडू नको!"

मित्रही ओरडत होता. शर्यतीत ओरडतो तसे आम्ही दोघं ओरडत होतो. दादा मात्र एक शब्द बोलत नव्हता. त्यानं एकदा माझ्याकडे वळून पाहिलं. तोंड उघडं होतं, पण त्यातून आवाज येत नव्हता. मला वाटलं, त्याला आनंदच झालाय. मी पुन्हा म्हणालो, सोडू नको. मग मोबाईलच्या उजेडात त्याच्या मनगटावरून काळं काहीतरी ओघळताना दिसलं, आणि तांडेल मला ढकलून पुढं गेला. त्याच्या हातात कोयता होता. एका घावात तंगूस तुटला आणि दादा पाठीवर पडला.

हाताचं वर्णन करायची माझी इच्छा नाही. तांडेलानं आपल्या डोक्याचा टॉवेल फाडून तो बांधला. नांगर खडकात अडकला होता, तोही त्यानं दोर तोडून तिथंच सोडला. इंजिन सुरू करून तो माझ्यापाशी आला आणि आवाज न चढवता म्हणाला, "सुरुवातीला मासा असेल. गळ घेऊन कपारीत शिरला असेल. नंतर मासा नव्हता. नंतर बोट होती. एवढी बोट फिरत होती, आणि तुम्ही त्यांना ती हातानं धरून ठेवायला सांगत होता."

परतीचे पाच तास मी दादाचा हात माझ्या मांडीवर उंच धरून बसलो होतो. टॉवेल भिजला की खलाशी दुसरं फडकं द्यायचा. मित्राला ओकाऱ्या होत होत्या. समोर उजेड कधी दिसेल म्हणून मी बघत होतो आणि समोर फक्त काळं पाणी फाटत होतं. दादाची बोटं थंड पडत चालली होती. मी ती चोळायला गेलो की तो दात आवळायचा. एकदा म्हणाला, "लय मोठा हुता का रं?" मी म्हणालो, "व्हय दादा, लय मोठा." पुष्कळ वेळानं म्हणाला, "पंधरा दिसांत भरून येईल न्हवं?" मी त्यालाही व्हय म्हणालो. भीतीनं माझी वाचा बसली होती, पण खोटं बोलायला ती तेवढी चालत होती.

बंदराजवळच्या डॉक्टरांनी टाके घातले आणि तातडीनं मिरजेला न्यायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिथं दोन बोटं काढावी लागली. मधलं बोट राहिलं, पण ते वाकत नाही. डॉक्टरांनी विचारलं, "अहो, दोरी हाताला गुंडाळली कशाला?" मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "सवय. बैलाचा कासरा गुंडाळायची सवय हाय आमाला." मी एक्सरेचं पाकीट छातीशी धरून उभा होतो. बाहेर येऊन मोबाईलमधलं ते चित्रण काढून टाकलं, कारण त्यात दादाचा आवाज कुठंच नव्हता, नुसता माझा होता.

घरी, गावात, भेटायला आलेल्या प्रत्येकाला दादा हेच सांगत राहिला. सवयीनं गुंडाळलं, माझीच चूक. जत्रेत आमची गाडी पळाली नाही. मारक्या बैलानं गड्याला दोनदा शिंगावर घेतलं. दसऱ्याच्या सुमाराला दादानं जोडी विकली. बैल टेम्पोत चढेना, चौघांना आवरेना. शेवटी दादाच गेला. डाव्या हातानं त्याचं दावं धरून, उजवा त्याच्या कपाळावर ठेवून त्यानं त्याला वर चढवलं. बैलानं त्या हाताचा वास घेतला आणि मुकाट उभा राहिला. टेम्पो गेल्यावर दादा तसाच गोठ्यात जाऊन बसला.

त्या संध्याकाळी मी चुलीपाशी गेलो. वहिनी भाकरी थापत होती. म्हणालो, "वहिनी, तंगूस हाताला गुंडाळायला मी सांगितलं हुतं. दादा नको म्हनत हुता. आन सोडू नको म्हनून वरडलो, त्ये पण मीच."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. "ठावं हाय," ती म्हणाली. "मला पयल्या दिशीच कळलं. लगीन झाल्यापासनं बघतीया, कासरा गुंडाळणाऱ्या पोरांस्नी त्ये शिव्या घालत्यात. सवय म्हनं!"

"मग तुमी एवढं दिवस बोलला का न्हाई?"

"त्येंनी आन घातली हुती. म्हनलं, तुला कळलंय ह्ये धाकट्याला कळू देऊ नगंस."

दादा मागं दारात येऊन उभा राहिला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. आत येऊन तो पाटावर बसला, वहिनीनं ताट दिलं, आणि तो डाव्या हातानं भाकरी मोडायला लागला. ती नीट मोडत नव्हती. माझ्यानं बघवेना, मी रडायला लागलो. त्यानं भाकरी खाली ठेवली.

"आठ म्हैनं लावलंस, गड्या," तो म्हणाला. त्या सगळ्याबद्दल एवढंच तो मला आजवर बोलला.