रंगनाथरावांचा मोठा बिघाड

रंगनाथ वानखेडे तरुणपणी अमरावतीहून पुण्यात आले आणि एका कारखान्यात छत्तीस वर्षं फिटर होते. निवृत्तीनंतर दोन वर्षांत बायको, मुक्ताई, गेली. मुलगा विश्वजीत नोकरीसाठी बंगळूरला. पेन्शन एवढी तुटपुंजी की ब्लडप्रेशरच्या गोळ्या ते एक दिवसाआड घेत. मुलाकडे मागायचं तर जीभ रेटत नव्हती. हळूहळू त्यांनी मंडईत जाणं सोडलं, मग संध्याकाळचं जेवण, मग दाढी.

एका सकाळी ते हत्यारांची पेटी घेऊन शेजारच्या सुनीतीबाईंच्या दारात उभे राहिले. सुनीतीबाई निवृत्त शिक्षिका, बोलायला फटकळ.

"ठेवा तुमच्याकडे. मला आता लागायची नाही."

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे नीट पाहिलं. "रंगनाथराव, सरळ विचारते. जीव द्यायचं मनात आहे का?"

असं कुणी विचारेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. ते तिथेच जिन्यात बसले आणि हुंदके देऊन रडले. बाई शेजारी बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "आता चहा घ्या. आणि आज एकटं राहायचं नाही, सांगून ठेवते."

त्यांनी विश्वजीतला फोन लावला आणि त्याच दिवशी रंगनाथरावांना मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. दुसऱ्या दिवशी विश्वजीत आला. "बाबा, मला सांगितलं का नाही?" एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. औषधांची सोय त्याने लावून दिली. बंगळूरला चला म्हणाला, पण रंगनाथरावांना पुणं सोडवेना. मग रोज फोन करायचं ठरलं.

दीड महिन्याने चेहऱ्यावर जरा तजेला आला, तेव्हा सुनीतीबाईंनी पेटी त्यांच्यापुढे आदळली. "माझ्या घरात उगाच जागा अडवतेय. आणि तो कुकर बघा, शिट्टीच देत नाही. तुमच्यासारखाच, मनातलं बाहेर काढत नाही."

रंगनाथराव कितीतरी दिवसांनी हसले.

कुकर झाला, मग वरच्या मजल्यावरचा पंखा, मग समोरच्या इमारतीतला गीझर. बोलावणारे बहुतेक एकटे राहणारे म्हातारेच. काम दहा मिनिटांचं, गप्पा तासाभराच्या. चार पैसे मिळू लागले आणि कुणीतरी आपली वाट बघतंय हेही कळू लागलं.

परवा ऐंशी वर्षांच्या दिगंबर जोशींचा फोन आला, "अहो, मिक्सर बंद पडलाय." रंगनाथरावांनी उघडून पाहिलं. आतली वायर कुणीतरी मुद्दाम सोडवून ठेवली होती, तीही अगदी व्यवस्थित. जोशी खिडकीबाहेर बघत होते.

"बिघाड मोठा आहे," रंगनाथराव गंभीरपणे म्हणाले. "तीन दिवस यावं लागेल."

तिसऱ्या दिवशी त्यांनी डब्यातून वऱ्हाडी झुणका नेला. जोशींच्या डोळ्यांतून पाणी, नाक लाल.

"भलताच तिखट आहे हो," ते म्हणाले. "उद्या जरा जास्त आणा."