आठव्या दिवसाचा पेला

उद्घाटनाच्या दिवशी जगातल्या कुठल्याही वस्तूवर विश्वास ठेवू नये, हे ज्याला पुरतं उमगलं होतं असा एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझा साडू निघाला. जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा खात्यात त्यांचा जन्म गेला. तिथं त्यांनी इतक्या फिती कापल्या जाताना पाहिल्या, आणि मागाहून इतके नळ कोरडे पाहिले, की योजनेची खरी तारीख उद्घाटनानंतरची आठवी, असा त्यांचा सिद्धान्त झाला होता. सात दिवस लाजेखातर सगळंच चालतं, असं ते म्हणत. आठव्या दिवशी ते स्वतःचा स्टीलचा पेला घेऊन जात आणि त्या नळाचं पाणी प्यायल्याशिवाय कागदावर सही करत नसत.

निवृत्त होऊन विश्रांतवाडीला राहायला आले तेव्हा सही संपली, पेला राहिला. नव्या उड्डाणपुलावर ते आठ दिवस स्कूटर घालत नसत. खालून, गर्दीतून जात. लग्नात जेवून येत, पण आहेर आठव्या दिवशी घरी नेऊन देत. "नांदतायत ना, तेवढं बघून येतो." कसब्यातल्या माझ्या घरी मी हौसेनं पुस्तकांचं कपाट करून घेतलं, तेव्हा म्हणाले, "छान आहे, ग्रंथपाल. आज सगळी पुस्तकं उभी आहेत. आठवड्यानं येतो." आले. दोन फळ्या वाकल्या होत्या. ते काहीच बोलले नाहीत, चहा पिऊन गेले. एवढं बोचरं न बोलणं मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही.

मग शहरात संगणकाच्या कंपन्या आल्या आणि सरकारनं त्यांना खेड्यांच्या कामात सामील करून घ्यायला सुरुवात केली. कंपनीनं गाव दत्तक घेतल्याची बातमी दिसली की साडू वर्तमानपत्र खाली ठेवत. "दत्तक पोरक्याला घेतात, ग्रंथपाल. या गावाचे आईबाप जिवंत आहेत. जिल्हा परिषदेत डबा खाताना मी स्वतः पाहिलेत." गावोगावच्या फलकांसमोर उभे राहून ते हातानं अक्षरं मोजत. कंपनीचं नाव एक वीत, सरकारचं चार बोटं, गावाचं दोन. "पाणी कुणाच्या वाट्याला किती येणार, ते इथंच कळतं."

पंचाईत अशी की त्यांची एकुलती एक लेक, सुजाता, अशाच एका कंपनीत होती. मांजरी गावाच्याही पलीकडच्या एका खेड्यासाठी ती वर्षभर सुट्टीचे दिवस घालवत होती. टाकी कंपनीची, पाइप सरकारचा, आणि चौकात नळकोंडाळं. आमंत्रण द्यायला ती आली तेव्हा मी तिथंच बसलो होतो.

"अप्पा, शनिवारी दहा वाजता. गाडी पाठवते."

"मी आठव्या दिवशी येईन."

"माझ्या कामालासुद्धा?"

"तुझ्या कामाला तर नक्कीच. दुसऱ्यांनी फसवलं तर मी रिपोर्ट लिहितो. तूच फसलीस तर काय लिहू?"

ती चहा न घेता निघून गेली. पुढं आठ दिवस तिचा फोन नव्हता.

उद्घाटनानंतरच्या आठव्या दिवशी स्कूटरवर मागे मला बसवून ते त्या गावात गेले. फलकावरची झेंडूची माळ वाळली होती. साडूंनी पेला धरून नळ फिरवला. नळ कोरडा. समोरच्या घरातली बाई ओट्यावरूनच म्हणाली, "टाकी भरली हाय, पर व्हॉल्वची चावी कंपनीच्या ठेकेदारानं नेली. पंचायत म्हनती सरकारला इचारा, सरकार म्हनतंय कंपनीला इचारा."

साडूंचं म्हणणं खरं ठरलं होतं, आणि इतकं पडलेलं त्यांचं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं.  मग स्कूटरच्या डिकीतून त्यांनी नोकरीतली जुनी लोखंडी चावी काढली, चौकातल्या खड्ड्यावरचं झाकण उचललं आणि व्हॉल्व फिरवला. नळ आधी खोकला, मग वाहू लागला. ते पेलाभर पाणी प्यायले, त्यांनी त्या बाईकडून तीनदा व्हॉल्व उघडून-बंद करून घेतला आणि चावी तिच्याच हातात ठेवली.

घरी येऊन त्यांनी लेकीला फोन केला. "पाणी प्यायलो. गोड आहे." वाक्यात खोटं काहीच नव्हतं. माझ्याकडे मात्र त्यांनी बोट उगारलं: "ग्रंथपाल, पुस्तकासारखं मिटून राहायचं." मी राहिलो.

गेल्या महिन्यात ते गेले. पुण्यानुमोदनाला आलेली माणसं उठून गेल्यावर सुजाता माझ्याजवळ येऊन बसली, आणि मला राहवेना. मी सगळं सांगितलं.

"माहीत आहे, काका," ती म्हणाली. "अप्पांनी एका दमात चांगलं म्हटलं, तेव्हाच संशय आला. नवव्या दिवशी मी जाऊन आले. त्या मावशी व्हॉल्व फिरवत होत्या. अप्पांची जुनी चावी बघितल्यावर विचारायचं काही उरलंच नाही. मग भांडून कंपनीकडून लिहून घेतलं, की चावी गावातच राहील."

"त्यांना का नाही सांगितलंस?"

"फोनवर इतके खूश वाटले. त्यांचं खोटं कशाला पकडायचं?"

काल तिचा फोन आला होता. आणखी एका गावात नळ सुरू झालाय. उद्घाटनाला ती गेली नाही.

"शनिवारी आठवा दिवस आहे, काका. याल का?"

पेला माझ्याकडे आहे. सकाळीच घासून ठेवलाय.